आमची वाटचाल : बॅटरी चार्जिंगपासून पिकअपच्या वायरिंगपर्यंत

नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्यालगत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाळा घेतला तेव्हा बोर्डावर दोनच शब्द होते : बॅटरी चार्जिंग. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या रात्रभर चार्जरला लावायच्या, सकाळी हायड्रोमीटरने ॲसिड तपासून परत द्यायच्या. पुढे डायनामो आणि सेल्फचं, म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या स्टार्टर मोटरचं, काम आलं. आमचं गाव तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागल्या, गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या फुटल्या की फडांच्या गाड्या वायरिंगला यायच्या. तंबू, माणसं, पेट्या सगळं घेऊन रात्रीचा प्रवास, त्यामुळे दिवे चोख लागायचे. वायरिंगचा हात आमचा तिथेच बसला.

टोमॅटो मार्केट वाढलं तशी पिकअपची गर्दी झाली. आज आमच्याकडे बहुतेक काम जुन्या पिकअपचंच. मार्च २०१७ पर्यंत विकल्या गेलेल्या, धुराच्या जुन्या नियमांतल्या बीएस-थ्री गाड्या अजून रोज वाशीला क्रेट वाहतात. या गाड्यांत कॉम्प्युटर जवळजवळ नाही, तरी दोष मात्र चक्रावून टाकणारे. कारण एका गाडीने तीन-चार मालक पाहिलेले असतात आणि प्रत्येकाने आपापल्या हौसेची एक वायर ओढलेली असते. कुणी फोकस लावला, कुणी टेप, कुणी देवाजवळ लाल-निळी माळ. वर रोज प्रेशरने धुणं. होल्डरमध्ये पाणी मुरतं, तांब्यावर हिरवा चुरा धरतो आणि अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट, मरतं.

अर्थिंग मेलं की काय होतं, ते एका गाडीने आम्हाला नीट शिकवलं. तक्रार विजेची नव्हतीच. ॲक्सिलरेटर अडकतो, पाय काढला तरी रेस उतरत नाही, ही तक्रार. केबल दुसरीकडे बदलून झाली होती, नवीही तशीच अडकायला लागली. आमच्या पोराने सेल्फ मारला आणि मी केबलला हात लावला, तर चटका बसला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी अर्थची पट्टी लागते. ती तुटून लोंबत होती. सेल्फला लागणारा शेकड्यांनी अँपिअर करंट मग मिळेल त्या वाटेने परत जातो, इथे तो ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जात होता. आतली प्लॅस्टिकची नळी वितळायची आणि तार चिकटायची. सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात मीटर धरला, तर तीन व्होल्टच्या वर. ठणठणीत गाडीत तो ०.२ च्या आसपास असतो. पट्टी घातली, दोन्हीकडचा रंग घासून बोल्ट आवळले, नवी केबल टाकली. गाडी रेस सोडायला लागली.

मालक बिल बघून म्हणाले, "मिस्त्री, पट्टी केवढ्याची न् पैसे केवढ्याचे?" त्यांचंही चूक नाही. गॅरेजला पैसे द्यायचे ते पार्टचे, शोधायचे कसले, अशी आपल्याकडे रीतच पडलीय. त्या दिवसापासून आम्ही बिलात तपासणीची ओळ वेगळी काढली. आधीचं रीडिंग आणि नंतरचं रीडिंग कार्डावर लिहून देतो. पार्ट गिऱ्हाइकाने स्वतः आणावा, दुकानदाराकडून कमिशन घेत नाही. सुरुवातीला बरेच ड्रायव्हर तोंड वाकडं करून गेले. सौ. हिशेब बघते, तिने तेव्हा दोन हंगाम कसे काढले ते तिलाच विचारा. पण कार्ड घेऊन जाणारे दुसऱ्याला घेऊन यायला लागले.

धंदा खरा वळला तो माळशेजच्या एका गाडीने. कल्याणकडे माल घेऊन उतरताना चार्जिंगचा लाल दिवा मधूनमधून पेटायचा आणि त्याच सुमारास ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक व्हायचं. दोन दोष म्हणून दोन कारागीर झाले : एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने मास्टर सिलिंडर. आम्हाला दोन्ही एकाच वेळी होतं यातच गोम दिसली. डिझेल इंजिनमध्ये ब्रेकच्या बूस्टरला (पायाच्या जोराला मदत करणारा डबा) लागणारा व्हॅक्यूम वेगळा पंप तयार करतो आणि या गाड्यांत तो पंप बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्याच पाठीवर, त्याच शाफ्टवर असतो. पंपाला इंजिनचं ऑइल लागतं. मधलं सील गेलं की ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरतं. खोलून पाहिलं तर आतले कार्बनचे ब्रश काळ्या चिखलात बुडालेले, पंपाची पातीही झिजलेली. व्हॅक्यूम गेजचा काटा वर चढेचना. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळा ब्रेक हलका लागतो, पुढे सगळा जोर पायाचा, आणि घाटात भरलेल्या गाडीला तो पुरत नाही. तेव्हापासून चार्जिंगची तक्रार घेऊन कुणीही आलं तरी आम्ही ब्रेकचं पेडल दाबून बघतोच.

बाकीचे दोष लहान, पण सांगण्यासारखे. ब्रेक दाबला की मागचे पार्किंग दिवे मंदावतात आणि डॅशबोर्ड उजळतो : मागच्या होल्डरचं अर्थ गेलेलं असतं. २१/५ वॅटच्या दोन तारांच्या (एक ब्रेकची, एक पार्किंगची) बल्बमधून करंट उलटा फिरतो आणि पार्किंगच्या लाइनमध्ये शिरतो. चाबी काढली तरी इंजिन बंद होत नाही : टेपची पिवळी आणि तांबडी वायर एकत्र पिळलेली सापडते. पिवळी थेट बॅटरीची, तांबडी चाबीची, मग चाबी काढून उपयोग काय? फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी तर आठवड्याला निघतेच. ती काढून आम्ही मालकाच्या हातात ठेवतो.

काही कामं आम्ही घेत नाही. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चे बल्ब लावून द्या म्हणतात. दोन बल्बना मिळून दहा अँपिअर लागायचे तिथे सोळा-सतरा जातात, मूळ स्विच आणि कनेक्टर वितळतो, समोरचा आंधळा होतो आणि नियमातही बसत नाही. जास्तीचे पाटे घातलेली गाडी आली तर मागच्या ब्रेकचा एलएसपीव्ही, म्हणजे गाडीतल्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह, आधी बघतो. पाट्यांनी गाडी उंच राहते, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक अर्धवट लागतात. हे विजेचं काम नव्हे, तरी सांगितल्याशिवाय गाडी सोडत नाही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, असतं, त्याआधी आठवडाभर तरी आणावी. आदल्या संध्याकाळी रेडियम चिकटवून दिवे पेटत नसतात.

नव्या, कॉम्प्युटरवाल्या बीएस-सिक्स गाड्यांसाठी पुतण्याने दोषाचा कोड दाखवणारा स्कॅनर घेतलाय. तो आयटीआय करून आला, हात चांगला आहे, पण कोड दिसला की पार्ट बदलायची घाई करतो. त्याला आधी मीटर धरायला लावतो. टोमॅटोच्या हंगामात गाळा पहाटे उघडतो, गाडी रिकामी करून तशीच आणा. येताना धुऊन आणू नका. ओल्या कनेक्टरमध्ये खोटे दोष दिसतात आणि खरा सापडायला दुपार होते.