ढिबणे

रविवार, रात्रीचे पावणेअकरा

दोन्ही मुले अखेर झोपली आहेत. मनात आलेले वाक्य शेवटपर्यंत पूर्ण करता यावे इतकी शांतता घरात आज सकाळपासून प्रथमच मिळते आहे, तेव्हा दिवसभरात ऐकलेले विसरून जाण्याआधी लिहून ठेवतो. मोठी मुलगी पुढच्या महिन्यात चार वर्षांची होईल आणि धाकटा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. दोघेही बोलू लागल्यापासून मराठी ही भाषा मला येते, या समजुतीला रोज थोडाथोडा तडा जात आहे.

दिवसाची सुरुवात न्हाणीघराच्या दारावरच्या थापांनी झाली. बाहेरून धाकटा ओरडत होता, “बाबा, मी आत येते!” मराठीत माणूस स्वतःविषयी बोलू लागला की क्रियापदच त्याचे लिंग सांगून टाकते, आणि या मुलाच्या कानावर दिवसभर आईचे आणि ताईचे बोलणे पडते. त्यामुळे गेले दोन महिने तो येते, जाते, बसते अशाच थाटात वावरतो आहे. मला त्यात गोडच वाटते, पण ताईला ते सहन होत नाही. तिने दाराबाहेरच शिकवणी सुरू केली. “तू मुलगा आहेस. येतो म्हण.” यावर धाकट्याने आज्ञाधारकपणे “येतो म्हण” असे म्हटले. ती चिडून पुन्हा म्हणाली, “म्हण नको म्हणूस, नुसतं येतो म्हण.” त्याने तेही जसेच्या तसे म्हणण्याचा प्रयत्न केला, पण वाक्य लांब असल्यामुळे मध्येच सोडून दिले आणि पुन्हा दारावर थापा मारू लागला. मी आत साबण लावलेल्या अवस्थेत हसत होतो, हे दोघांनाही आवडले नाही.

शिकवणाऱ्या ताईचे स्वतःचे मराठी मात्र सध्या निराळ्याच टप्प्यातून जात आहे. दुपारी ती तक्रार घेऊन आली, “बाबा, त्याने माझं चित्र खराब करलं.” मी सहज म्हणालो, “खराब केलं.” ती म्हणाली, “हो ना, करलं.” तिच्या दृष्टीने मी तिच्या तक्रारीला दुजोरा दिला होता, एवढेच. गंमत अशी की दोन वर्षांची असताना हीच मुलगी ‘केलं’, ‘गेला’, ‘आली’ असे अगदी बरोबर बोलत असे, आणि आता तिच्या तोंडी ‘करलं’, ‘जाला’, ‘येली’ आले आहे. वरवर पाहता ही पीछेहाट वाटते, पण तसे नाही. तेव्हा ती ऐकलेले शब्द पाठ म्हणत होती. आता ‘पडणे’चे ‘पडला’, ‘बसणे’चे ‘बसला’, ‘हसणे’चे ‘हसला’ होते हा नियम तिला कोणी न सांगता उमगला आहे आणि नव्या नोकरीवरच्या माणसाच्या उत्साहाने ती तो सर्वांना लावत सुटली आहे. करणे, जाणे, येणे ही आपली सर्वांत जास्त वापरातली क्रियापदेच नेमकी नियम मोडून बसलेली आहेत, त्यात तिचा काय दोष?

संध्याकाळी तर तिने मला पुरतेच अडवले. “आपण उद्या आजीकडे जालो होतो ना?” असे तिने विचारले. क्रियापद सोडून देऊन मी फक्त दिवस दुरुस्त केला आणि म्हणालो, “उद्या नाही गं, परवा गेलो होतो.” ती गोंधळली, कारण आदल्याच रात्री आईने तिला परवा शाळेला सुट्टी असल्याचे सांगितले होते. “परवा म्हणजे उद्याच्या पुढचं ना?” मी म्हणालो, हो, आणि कालच्या मागचंसुद्धा. तिने माझ्याकडे जरा वेळ रोखून पाहिले. आपली भाषा एकच ‘परवा’ मागेही नेते आणि पुढेही नेते, मग मी ‘उद्या’ मागे नेला तर हा माणूस मला का टोकतो, असे तिला वाटले असेल तर माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. मी तिला हात धुऊन यायला सांगितले. उत्तर नसले की आम्ही घरात हेच सांगतो.

जेवताना मला एक जुना प्रयोग आठवला. जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव ‘वग’ असल्याचे सांगितले होते आणि असे दोन असतील तर काय म्हणाल, असे विचारले होते. कधीही कानावर न पडलेल्या त्या शब्दाचे अनेकवचन बहुतेक मुलांनी बरोबर केले. नकलेने हे साधणार नाही, त्यासाठी नियमच हाताशी असावा लागतो. आपणही करून पाहू, म्हणून मी तोंडाला येईल ते क्रियापद घडवले. “एक अस्वल आहे. ते रोज ढिबतं. आजपण ढिबतंय. आणि काल ते…?”

“ढिबलं,” मोठीने घास न गिळताच सांगितले.

“आणि त्याची आई?”

“ढिबली.”

“आणि बाबा?”

“ढिबला. पण बाबा नेहमी उशिरा ढिबतो.”

हे कुठून आले ते मी विचारले नाही. तेवढ्यात धाकटा “मी ढिबते!” असे जाहीर करून खुर्चीवरून घसरत टेबलाखाली गेला आणि तिथे डोळे मिटून पडून राहिला. अशा रीतीने शब्दाला अर्थ मिळाला. माझा प्रयोग तिथेच संपला होता, पण शब्द काही संपेना. दिवा मालवला तेव्हा दिवा ढिबला, बाहुलीला पांघरूण घातल्यावर तीही ढिबली, आणि दात घासायला चला म्हटल्यावर दोघेही एकदम जमिनीवर ढिबले. बायकोने हा शब्द कोणी शिकवला असे विचारले, तेव्हा दोन बोटे तात्काळ माझ्याकडे वळली.

वही घेण्यापूर्वी मी त्यांच्या खोलीत डोकावलो. गोष्ट सांगता सांगता बायकोच दोघांच्या मध्ये गाढ झोपी गेली होती आणि गोष्टीचे पुस्तक तिच्या छातीवर पालथे पडले होते. मोठी मात्र अजून अर्धवट जागी होती. ओठांवर बोट ठेवून ती कुजबुजली, “हळू बोल, आई ढिबली.”

मी म्हणालो, “झोपली.”

“हो ना,” ती म्हणाली, “ढिबली.”