कोल इंडियाचं यील्ड ८.२ की ६.८? डिव्हिडंड वहीतली सप्टेंबर २०२५ ची नोंद

मंडळी, ऊर्जा क्षेत्राच्या पानावर या तिमाहीत तीनच नावं आहेत: कोल इंडिया, ओएनजीसी आणि इंडियन ऑइल. तिघांचेही भाव गेल्या वर्षीच्या शिखरापासून बरेच खाली आलेत. म्हणून यील्डच्या रकान्यात आकडे मस्त दिसतायत, आणि म्हणूनच मी या वेळी तो रकाना मिटवून पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतला.

यील्ड म्हणजे वर लाभांश, खाली भाव. भाव पडला की काहीही न करता यील्ड वाढतं. कंपनीने एक पैसा जास्त दिलेला नसतो, तरी शेअरच्या ॲपवर ती 'हाय डिव्हिडंड' यादीत वर सरकते. हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण वरचा आकडासुद्धा किती फसवा असतो, ते या वेळी कोल इंडियाने नीट दाखवलं.

भाव ३९० च्या आसपास धरा. ॲपवर यील्ड दिसतं साधारण ८.२ टक्के. माझ्या वहीत येतं ६.८. ॲप गेल्या १२ महिन्यांत खात्यात आलेला लाभांश धरतं: नोव्हेंबर २०२४ मधला १५.७५, मग ५.६०, मग ऑगस्टमधला अंतिम ५.१५ आणि त्याच ऑगस्टमधला नव्या वर्षाचा पहिला अंतरिम (वर्ष संपण्याआधीच दिलेला हप्ता) ५.५०. बेरीज ३२ रुपये. बेरीज बरोबर आहे, पण ती एका आर्थिक वर्षाची नाही. २०२४-२५ चे तीन हप्ते मिळून २६.५० होतात. वरचे ५.५० पुढच्या वर्षाच्या ताटातले आहेत. गेल्या वर्षी पहिला अंतरिम नोव्हेंबरमध्ये आला, या वर्षी ऑगस्टमध्ये. तारीख अलीकडे आली, म्हणून १२ महिन्यांच्या खिडकीत चार हप्ते बसले. कंपनी जास्त उदार झाली म्हणून नव्हे. सरकारी कंपन्यांच्या बाबतीत तरी मी आता फक्त आर्थिक वर्षाची बेरीज धरतो, आणि ज्यांची वही ॲपवरून आपोआप भरते त्यांनी हा एक रकाना हाताने भरावा असं अगदी मनापासून सांगेन.

आता मुख्य मुद्दा. पडत्या भावात मिळणारं मोठं यील्ड घ्यायचं की सोडायचं? या प्रश्नावर कोल इंडियाइतका चांगला धडा भारतीय बाजारात दुसरा नाही, कारण एकाच कंपनीत दोन्ही उत्तरं सापडतात.

पहिला प्रसंग २०१५-१६ चा. २०१० च्या आयपीओत २४५ ला मिळालेला हा शेअर २०१५ च्या उन्हाळ्यात ४०० च्या वर गेला होता. त्याआधी जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने एकदम २९ रुपये वाटले होते, म्हणून 'लाभांशाचा राजा' अशी ख्याती. २०१५-१६ साठी २७.४० रुपये मिळाले. मार्च २०१६ मधल्या २९० च्या भावाने ते ९.४ टक्के होतात. कोणालाही मोह पडावा असा आकडा. पण त्या वर्षी प्रति शेअर कमाई होती साधारण २२.६० रुपये. म्हणजे कमावले २२.६० आणि वाटले २७.४०. पुढच्या वर्षी कमाई १५ च्या आत, वाटप १९.९०. त्याच्या पुढच्या वर्षी कमाई ११ च्या थोडी वर (वेतनकराराचा खर्च होताच, त्यात भर म्हणून ग्रॅच्युइटीची मर्यादा १० वरून २० लाख झाली आणि त्याची मोठी तरतूद करावी लागली), तरी वाटप १६.५०. तीन वर्षं कंपनी गंगाजळीतून देत होती. बाजाराला ते दिसत होतं, म्हणून भाव पडत होता. आणि भाव पडत होता म्हणून यील्ड छान दिसत होतं.

२०१५ च्या उन्हाळ्यात ४०० ला घेतलेल्याचं गणित मी वहीत ओळीओळीने मांडलंय. मार्च २०२० पर्यंत त्याला २७.४०, १९.९०, १६.५०, १३.१० आणि १२ असे मिळून ८८.९० रुपये मिळाले. ऑक्टोबर २०२० अखेर भाव होता ११५ च्या आसपास. दोन्ही मिळून २०४. पाच वर्षांत निम्मे पैसे उडाले, आणि तेही दर वर्षी न चुकता लाभांश मिळत असताना. ज्यांनी खात्यावर येणारे मेसेज बघितले ते खूश होते, ज्यांनी बेरीज केली त्यांना झोप नव्हती.

दुसरा प्रसंग म्हणजे तोच ऑक्टोबर २०२०. १२ रुपये लाभांश, ११५ भाव, यील्ड १०.४ टक्के. वरून बघाल तर २०१६ सारखंच चित्र: पडलेला भाव, फुगलेलं यील्ड, कोळशाचं भविष्य संपलं असा सगळीकडे सूर, आणि डोक्यावर सरकारच्या हिस्साविक्रीची टांगती तलवार. आत मात्र सगळं वेगळं होतं. २०१९-२० ची कमाई होती २७ रुपये प्रति शेअर. त्यातले वाटले १२, म्हणजे ४४ टक्के. भाव कमाईच्या जेमतेम सव्वाचार पट. त्या वेळी घेतलेल्याला आजवर १६, १७, २४.२५, २५.५०, २६.५० आणि यंदाचे ५.५० मिळून ११४.७५ रुपये मिळालेत. खरेदीची जवळजवळ पूर्ण किंमत लाभांशातूनच घरी आली आणि शेअर अजून हातात आहे.

यील्ड ९.४ आणि १०.४. दोन्हींत फरक करणारा आकडा यील्डमध्ये नव्हताच, तो पेआउटमध्ये, म्हणजे कमाईतला किती हिस्सा वाटला त्यात होता: एकीकडे १२१ टक्के, दुसरीकडे ४४. म्हणून माझ्या वहीत आता यील्डच्या डावीकडे कमाई आणि पेआउट हे दोन रकाने आलेत. ते भरल्याशिवाय मी यील्ड लिहीतच नाही.

याच तराजूत आजचा कोल इंडिया घालून पाहू. २०२४-२५ चा नफा ३५ हजार कोटींच्या वर, प्रति शेअर ५७ रुपये. वाटप २६.५०, पेआउट ४६ टक्के. लाभांशाला धोका दिसत नाही. पण ऑगस्ट २०२४ मधल्या ५४३ वरून भाव ३९० ला आला, तो उगाच नाही. २०२३-२४ मध्ये उत्पादन ७७.४ कोटी टन होतं, पुढच्या वर्षी ७८.१ कोटी, म्हणजे वाढ एक टक्का. त्याच वर्षी देशाच्या एकूण कोळसा उत्पादनाने १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला. वाढ आली ती मुख्यतः इतरांच्या, म्हणजे कॅप्टिव्ह (कारखान्यांच्या स्वतःच्या वापरासाठीच्या) आणि व्यावसायिक खाणींतून. ई-लिलावात २०२२ मध्ये मिळणारा जादा भाव ओसरलाय. जूनअखेरच्या तिमाहीत नफा २० टक्क्यांनी घटून ८,७४३ कोटींवर आला. वणी-चंद्रपूर-उमरेडकडच्या वाचकांना वेकोलिबद्दल (वेस्टर्न कोलफिल्ड्स, कोल इंडियाचीच उपकंपनी) मी वेगळं सांगायला नको. जुन्या खाणी खोल होत जातात, माती जास्त काढावी लागते, टनामागे खर्च वाढतो.

तेव्हा माझं मत: इथे लाभांश मिळत राहील, पण तो दर वर्षी वाढेल असं धरून भाव लावू नये. आहे तो हिस्सा ठेवतोय. पडला म्हणून आणखी घेऊन एव्हरेज करत नाही. दोन-तीन तिमाह्या नफा असाच घसरला आणि वाटप तेच राहिलं तर पेआउट आपोआप चढेल, आणि २०१६ ची ती ओळ मला परत वाचावी लागेल.

इंडियन ऑइलचं पान लहान आहे पण सगळ्यात बोलकं. २०२३-२४ साठी १२ रुपये लाभांश, २०२४-२५ साठी ३. थेट चौथा हिस्सा. १३० च्या आसपासच्या भावात जुन्या लाभांशावर काढलेलं नऊ टक्के यील्ड कित्येक जणांनी खरं मानलं. प्रत्यक्षात ते सव्वादोन-अडीच टक्के निघालं. कारण तेलशुद्धीकरणातला नफा. एका बॅरलमागे तो १२ डॉलरवरून पाचच्या खाली आला, शिवाय घरगुती गॅसच्या सिलिंडरवरचा तोटा वेगळा. त्या तोट्यापोटी केंद्राने ऑगस्टमध्ये तिन्ही तेल कंपन्यांना मिळून ३०,००० कोटी मंजूर केले, तेही हप्त्यांनी. ज्या धंद्यात मार्जिन वर्षात निम्म्याहून खाली येतं, तिथे गेल्या वर्षीच्या लाभांशावरून यील्ड काढणं मी बंद केलंय. इथे पाच वर्षांची सरासरीच लिहितो.

ओएनजीसी या दोघांच्या मधे. दोन वर्षं सलग १२.२५, पेआउट ४३ टक्के, भाव ३४५ वरून २३५-२४० ला. कच्च्या तेलावरचा विंडफॉल कर (तेल महागल्याने झालेल्या जादा नफ्यावरचा) डिसेंबर २०२४ मध्ये गेला, ही जमेची बाजू. मुंबई हायसारख्या १९७४ मध्ये सापडलेल्या क्षेत्रातून आणखी तेल काढायला जानेवारीत बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक भागीदार नेमलं, त्याचं फळ दिसायला वर्षं लागतील. पाच टक्क्यांच्या वर यील्ड आणि कमाईचा निम्म्याहून अधिक भाग हातात राखलेला. तिघांत मला हा आज जास्त पटतो.

सरकार मालक असल्याचा एक आधार आहे, तोही लिहून ठेवतो. नोव्हेंबर २०२४ च्या नियमानुसार केंद्रीय सार्वजनिक कंपन्यांनी नफ्याच्या ३० टक्के किंवा नेटवर्थच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या) ४ टक्के, यातला जो मोठा तो लाभांश किमान द्यायचा. पण सरकारला पैसा दोन वाटांनी हवा असतो, लाभांशातून आणि हिस्साविक्रीतून. कोल इंडियात २०१५ मध्ये ३५८, २०१८ मध्ये २६६ आणि २०२३ मध्ये २२५ अशा किमान किमतींनी हिस्सा विकला गेला. हे तीन आकडे एकाखाली एक लिहून बघा, जुन्या भागधारकाला काय वाटलं असेल ते कळेल.

आता कराबद्दल, कारण इथे आपल्यातले बरेच जण ढोबळ यील्डवर थांबतात. एप्रिल २०२० पासून लाभांश आपल्या उत्पन्नात धरला जातो. ३० टक्क्यांच्या टप्प्यात सेस धरून २६.५० चे १८.२३ उरतात, यील्ड ६.८ चं ४.७. नवीन करप्रणालीत ज्यांचं एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे अशा निवृत्त आईवडिलांच्या स्वतःच्या पैशातून, त्यांच्याच खात्यात घेतलेल्या शेअरवर मात्र पूर्ण ६.८. एकाच शेअरचं दोन घरांतलं यील्ड इतकं वेगळं. एप्रिल २०२५ पासून एका कंपनीकडून वर्षाला १०,००० च्या वर लाभांश असेल तरच टीडीएस कापतात. २०२५-२६ मध्ये कर निघत नसेल तर ज्येष्ठांनी १५एच फॉर्म (टीडीएस कापू नका असं सांगणारा) रेकॉर्ड डेटच्या, म्हणजे लाभांश कोणाला मिळणार ते ठरतं त्या तारखेच्या, आधी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे भरावा. तो प्रत्येक कंपनीसाठी वेगळा आणि दर वर्षी नव्याने भरावा लागतो. राहिलाच तर २६एएस या करखात्याच्या उताऱ्यात कापलेली रक्कम तपासून रिटर्नमध्ये परत मागायची.

आणखी एक रकाना मी या वेळी काढून टाकला: 'माझ्या खरेदीवर यील्ड'. ११५ ला घेतलेल्याला आज २३ टक्के दिसतात, आणि अभिमान वाटणं साहजिक आहे. पण आजचा निर्णय ११५ रुपयांचा नाही, ३९० चा आहे. ते ३९० आज मोकळे असते तर याच शेअरमध्ये घातले असते का, एवढंच विचारायचं. ४०० वाल्यालाही तेच लागू. त्याचे दहा वर्षांत लाभांशाचे साधारण २०४ आणि आजचा भाव मिळून वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास परतावा होतो, आणि तो आता कुठल्याच निर्णयाने बदलत नाही.

पुढची नोंद कोल इंडियाचा सप्टेंबर तिमाहीचा निकाल आल्यावर. तेव्हा दुसऱ्या अंतरिमाकडे लक्ष ठेवा: १०.२५ आले तर सहामाहीची बेरीज गेल्या वर्षीच्या १५.७५ ला टेकते. कमी आले तर नोव्हेंबरमध्ये जुने १५.७५ खिडकीतून बाहेर पडताच ॲपवरचं ८.२ एका दिवसात किती खाली येतं, ते मी भावासकट वहीत टिपणार आहे.