कळ वर सरकली तेव्हा

मी कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साजाचं म्हणजे सोन्याच्या हाराचं काम करतो. मांडी घालून, पाठ वाकवून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पावसाळ्यात डाव्या कुल्ल्यात कळ सुरू झाली. मांडीच्या मागून ती पोटरीत उतरायची आणि थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. शिंक आली की पायातून वीज गेल्यासारखं व्हायचं. उभं राहिलं, चाललं की जरा बरं, बसलं की जीव नको. आणि आमचं तर सगळं कामच बसून.

शेजारचे अण्णा म्हणाले, "शीर चढलीया, तालमीत जाऊन पोटरी रगडून घे." स्नायू आखडला असेल तर तालमीतल्या हातांचा गुण मला मान्यच आहे. पण डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं, माझ्या पोटरीला काही झालेलंच नव्हतं.

त्यांनी उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला. अर्ध्यावर येईतो कळ पावलापर्यंत गेली. मग टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, घोट्यामागे हातोडी मारली. दुखणं निघालं सायटिक नसेचं. कमरेतून पायात उतरणारी ही शरीरातली सगळ्यात जाड नस. कमरेतून आणि त्याखालच्या त्रिकास्थीतून निघालेली पाच मुळं एकत्र येऊन ती बनते. दोन मणक्यांमधल्या गादीचा मऊ भाग बाहेर सरकला की एखादं मूळ दबतं, शिवाय त्याला सूजही येते. दाब कमरेत, पण मेंदूला वाटतं पाय दुखतोय. कळ अंगठ्याकडे गेली तर बहुधा कमरेचं पाचवं मूळ, करंगळीकडे आणि तळव्यात गेली तर त्याच्या खालचं. माझं पाचवं.

एमआरआय लगेच काढला नाही. गादी थोडी सरकलेली तर काहीही न दुखणाऱ्या माणसांतही दिसते, आणि बहुतेकांची कळ 6 ते 12 आठवड्यांत शस्त्रक्रियेविना उतरते. मात्र एक गोष्ट त्यांनी माझ्या बायकोलाही समोर बसवून सांगितली: मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच मोठ्या दवाखान्यात न्यायचं. पाऊल उचलेनासं झालं तरी लगेच दाखवायचं. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्या आमच्या पाहुण्यांचं पाऊल असंच लोंबायला लागलं होतं. त्यांचं ऑपरेशन वेळेवर झालं आणि ते योग्यच झालं.

गोळ्यांनी झोप लागायची, एवढंच. खरा फरक पडला तो फिजिओथेरपीच्या मॅडमनी शिकवलेल्या व्यायामानं. पालथं झोपायचं, आधी कोपरांवर, मग काही दिवसांनी हातांवर छाती उचलायची, कंबर सैल सोडून. पाहायचं एकच: कळ खाली जातेय की वर येतेय. खाली गेली तर थांबायचं.

काही आठवड्यांनी पोटरी मोकळी झाली, पण कंबर आधीपेक्षा जास्त दुखायला लागली. मी घाबरून गेलो. मॅडम म्हणाल्या, "काका, हीच चांगली खूण आहे. पायातलं दुखणं कमरेकडे गोळा होतंय, म्हणजे नस सुटतेय." आजवर कुणीच मला हे सांगितलं नव्हतं. पायाकडेच बघत बसलो असतो तर ही सुधारणा मला बिघाडच वाटली असती.

अंथरुणाला खिळून राहायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. म्हणून पहाटे रंकाळा तलावावर फिरायला जायचो. सुरुवातीला शालिनी पॅलेसच्या बाजूला थोडंसं, मग संध्यामठाच्या दिशेनं, कळ मांडीखाली उतरेपर्यंतच. खड्ड्यांतून मोटरसायकल बंद, भरलेला सिलिंडर उचलणं बंद, झोपताना कुशीवर आणि गुडघ्यांमध्ये उशी.

आता काम खाली बसून करत नाही. कमरेएवढं उंच मेज करून घेतलंय, खुर्चीत पाठीमागे टॉवेलची गुंडाळी असते आणि अर्ध्या तासानं उठतोच, गिऱ्हाईक समोर असलं तरी. अंगठ्यावरचा बधिरपणा अजून थोडा आहे. तो सगळ्यात शेवटी जातो, असं डॉक्टर म्हणाले. दुकानातल्या धाकट्या कारागिरालाही कमरेत उसण भरायला लागली होती, त्याचंही मेज सुताराकडे सांगितलंय.