फ्लॉपीत मावणारी गाणी

आमच्या घरात रात्री दचकून जाग यायची ती आवाज झाला म्हणून नाही, आवाज थांबला म्हणून. भिंतीपलीकडे आठ मागांचा कारखाना. टॉवेलचे माग दिवसपाळी-रातपाळी खटाक् खटाक् चालू असले की घर गाढ झोपलेलं असायचं. लाईट गेली की मात्र आई अंथरुणात उठून बसायची, धाकटी बहीण रडायला लागायची आणि अण्णा डोळे न उघडता म्हणायचे, "गेली." मग ती मे महिन्यातली सोलापुरी रात्र. पंखा बंद, भिंती दिवसभराचं ऊन ओकतायत आणि कानात नुसती पोकळी. लाईट आली की आधी एक माग ठोका धरायचा, मग दुसरा, मग सगळे. आणि पाच मिनिटांत घर पुन्हा घोरायला लागायचं. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या कुणालाही यात काही नवल वाटणार नाही.

"तू हे असलं कसं काय ऐकतोस?" असं विचारणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो. असलं म्हणजे हार्डकोअर पंक, भरधाव आणि आरडाओरडीचं रॉक, आणि त्याच्या भावकीतलं जड संगीत, त्यातही १९८० ते १९८९ या दहा वर्षांतलं. जाणकार याला अंडरग्राउंड म्हणतात. आमच्याकडे अंडरग्राउंड म्हटलं की ड्रेनेजची लाइन डोळ्यांपुढे येते, आणि घरच्यांचं या संगीताबद्दलचं मतही साधारण तसंच आहे. बायको त्याला 'तुझी भांडी' म्हणते. "आधी तुझी भांडी बंद कर, मग फोनवर बोल."

या भांड्यांशी माझी गाठ पडली ती काही तत्त्वाबित्त्वामुळे नाही. परवडलं म्हणून.

२००२-०३ची गोष्ट. रद्दीच्या दुकानात एका इंग्रजी संगीत मासिकाची फाटकी पानं हाताला लागली. ऐंशीच्या दशकातल्या आवडत्या रेकॉर्ड्सची कुणीतरी केलेली यादी, फोटो एकही नाही, नुसती नावं. नावं मात्र अशी की वाचूनच अंगावर काटा यावा. नवी पेठेतल्या कॅसेटवाल्याला मी ती यादी दाखवली. त्याने पान सुलटं-उलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "मायकल जॅक्सन देऊ का? आहे की."

राहिला सायबर कॅफे. तासाला वीस रुपये, तेही भाकरीच्या पिठासारखे मोजून मिळालेले. डाउनलोड झालेलं गाणं घरी न्यायचं कशात? सीडी रायटर कॅफेत एकच, आणि त्याचा दर निराळा. माझ्याकडे होती फ्लॉपी. तिच्यात १.४४ एमबी मावायचं. तेव्हाच्या एमपीथ्रीचा साधारण हिशेब मिनिटाला एक एमबी. म्हणजे फ्लॉपीत दीड मिनिटाचं गाणं बसणार, त्याहून मोठं असेल तर नमस्कार. आमच्या वर्गातला एकजण तेव्हा पिंक फ्लॉइडच्या नादी लागला होता. त्यांचं 'एकोज' साडेतेवीस मिनिटांचं. सोळा-सतरा फ्लॉप्या! तो चादरीच्या कारखानदाराचा मुलगा, त्याला ते शोभत होतं.

मला शोभलं ते मायनर थ्रेट. वॉशिंग्टनच्या पोरांचा बँड. 'स्ट्रेट एज' हे त्यांचं १९८१ चं गाणं ४६ सेकंदांचं. पाऊण एमबी! फ्लॉपीत ते बसून वर जागा उरली, तिच्यात मी कॉलेजचं जर्नल घातलं. मित्राच्या कॉम्प्युटरवर ते लावलं तेव्हा तो तोंडात मावा धरून म्हणाला, "हे काय बे? चालू झालं का संपलं?"

तोंडात मावा धरून, हे मुद्दाम सांगितलं. कारण ते गाणंच मुळी दारू नको, सिगारेट नको, नशापाणी नको असं ओरडून सांगणारं आहे. त्यातून पुढे एक पंथच निघाला. अमेरिकेत क्लबमध्ये अल्पवयीन पोरांना कुणी दारू देऊ नये म्हणून दारातच त्यांच्या हातावर काळी फुली मारत. या पोरांनी तीच फुली मिरवायला सुरुवात केली, आम्ही पीत नाही म्हणून. मला हे कळलं तेव्हा आमचे आबा आठवले. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं, आबा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ पडली की मटणाच्या पंगतीत कुणी आग्रह करत नाही, लग्नात कुणी कोपऱ्यात बोलावून ग्लास पुढे करत नाही. माळ बघूनच लोक समजतात. फुलीचंही तेच काम. फरक एवढाच की आबा कुणावर ओरडत नसत. ते नुसते बघायचे, आणि ते जास्त लागायचं.

मायनर थ्रेटच्या इयन मकायने जेफ नेल्सनबरोबर डिस्कॉर्ड नावाची रेकॉर्ड कंपनी काढली, १९८० साली. कंपनी म्हणजे काय, तर मित्रमंडळी घरात बसून तबकड्यांची कव्हरं कापायची, दुमडायची, खळ लावून चिकटवायची. हे वाचताना माझ्यापुढे वॉशिंग्टन नाही आलं. समोरच्या चाळीतल्या दारादारांत सुपं मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका आल्या. मायनर थ्रेटच्या 'आउट ऑफ स्टेप' (१९८३) या रेकॉर्डच्या कव्हरवर पांढऱ्या मेंढरांचा कळप आहे आणि एक काळं मेंढरू त्यातून उधळून भलतीकडेच पळतंय. ते चित्र मी वहीच्या मागे काढलं होतं. सरांनी विचारलं, "घोंगडीचा धंदा काढतोस काय?"

पण खरा ठोका सापडला तो डिस्चार्जमध्ये. बायको भांडी म्हणते ते या ठिकाणी अगदी चूक नाही, कारण ही मंडळी इंग्लंडातल्या स्टोक-ऑन-ट्रेंटची, आणि ते गाव चिनीमातीच्या भांड्यांसाठीच नावाजलेलं. 'हिअर नथिंग सी नथिंग से नथिंग', १९८२. नावात शाळेच्या भिंतीवरची गांधीजींची तीन माकडं, आत अणुयुद्धाची भीती, आणि चौदा गाणी अर्ध्या तासाच्या आत खलास. ड्रमचा एक विशिष्ट ठेका ते इतक्या हट्टाने वाजवतात की पुढे त्याला त्यांच्याच नावावरून डी-बीट म्हणायला लागले. टीकाकार म्हणतात, हे एकच गाणं चौदा वेळा वाजवलंय. बरोबरच आहे. आमच्या भिंतीपलीकडे एकच गाणं वर्षानुवर्षं वाजत होतं, आम्हाला कुणाला कंटाळा आला नाही. धोटा इकडून तिकडे जातो, फणी ठोका देते, धोटा परत येतो. यातला एक ठोका जरी इकडचा तिकडे झाला तर कापडात दिसतं. डिस्चार्ज ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, अरे, हे लोक कापड विणतायत.

मग नेपाम डेथचं 'स्कम', १९८७. बर्मिंगहॅमच्या बाजूची पोरं. या रेकॉर्डची गंमत अशी की तिच्या दोन बाजू दोन वेगवेगळ्या संचांनी वाजवल्यात. पहिली बाजू १९८६ मध्ये ध्वनिमुद्रित झाली, मग लोक सोडून गेले, नवे आले आणि दुसरी बाजू पुढच्या वर्षी झाली. दोन्हीकडे सारखा माणूस एकच, ड्रमर मिक हॅरिस. आमच्या भाषेत डबल पाळी. याच रेकॉर्डवर ते 'यू सफर' आहे, १.३१६ सेकंदांचं, जगातलं सर्वात छोटं ध्वनिमुद्रित गाणं म्हणून गिनीज बुकात गेलेलं. माझ्या फ्लॉपीत ते साठाहून जास्त वेळा मावलं असतं.

सगळंच मला झेपलं असं नाही. हुस्कर डूचं 'झेन आर्केड' म्हणजे दोन तबकड्यांचा ऐवज. नावाजलेलं, खरोखर चांगलं, पण त्याच्या शेवटी जवळजवळ चौदा मिनिटांचा जो नुसता वाद्यांचा गोंधळ आहे तो मी आजवर पुरा ऐकलेला नाही. चहा ठेवायला उठतो. 'झेन आर्केड' आलं त्याच महिन्यात, जुलै १९८४ मध्ये, ते काढणाऱ्याच कंपनीकडून मिनिटमेन या बँडची 'डबल निकल्स ऑन द डाइम' आली. हीही दुहेरी, पण चाळीसच्या वर गाणी आणि बहुतेक सगळी दोन मिनिटांच्या आतबाहेर. यांचं ब्रीदच काटकसर. स्वतःची व्हॅन स्वतः हाकायची, सामान स्वतः उचलायचं, उरलेल्या पैशात पुढची रेकॉर्ड काढायची. त्यांचा गाणारा डी. बून १९८५ च्या डिसेंबरमध्ये व्हॅनच्या अपघातात गेला, सत्ताविसाव्या वर्षी. ती रेकॉर्ड मी अजून संध्याकाळी लावत नाही, सकाळीच लावतो.

बॅड ब्रेन्सबद्दल फार बोलत नाही, कारण सुरू झालो तर थांबणार नाही. वॉशिंग्टनचे कृष्णवर्णीय वादक, आधी जॅझच्या वळणाचं वाजवणारे, म्हणून वेग कितीही वाढला तरी हात घसरत नाही. १९८२ ची त्यांची पहिली रेकॉर्ड आली तीच मुळी कॅसेटवर. मधेच रेगे, म्हणजे जमैकाचं संथ लयीचं संगीत, लागतं तेव्हा रातपाळीला चहा आल्यासारखं वाटतं. कॅसेटवरून आठवलं, स्लेयरचं 'रेन इन ब्लड' (१९८६) अवघं २९ मिनिटांचं, त्यामुळे कॅसेटच्या दोन्ही बाजूंना अख्खी रेकॉर्ड घातली होती. पेन्सिल घालून कॅसेट मागे गुंडाळत बसणाऱ्या आपल्यासारख्यांवर याहून मोठे उपकार कुणी केलेले नाहीत.

आणि 'माय वॉर'. ब्लॅक फ्लॅग, १९८४. पहिली बाजू ठीक, जोरकस. दुसऱ्या बाजूला तीनच गाणी, तिन्ही सहा मिनिटांपेक्षा मोठी, आणि संथ. नुसती संथ नाही, ओझं ओढणारी. वेगासाठी आलेले लोक तेव्हा चांगलेच वैतागले. मीही वैतागलो, कारण एकही फ्लॉपीत बसेना. पुढे सीडीवर मिळालं तेव्हा ऐकताक्षणी ओळखीचं वाटलं. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की माग असाच चालायचा. बंद पडत नाही, धड चालतही नाही, मोटर कण्हत राहते आणि ट्यूबलाइट फडफडते. या रेकॉर्डवर बास कुणी वाजवला तर डेल निक्सन, असं कव्हरवर छापलंय. असा कुणी माणूसच नाही. गिटारवाल्या ग्रेग गिननेच बास वाजवून खोटं नाव लावलं. हजेरीपटावर न आलेला कामगार चढवण्याची कला सातासमुद्रापार पोचली होती म्हणायची.

एक कबुली देऊन टाकतो. मिरवणुकीतली डॉल्बी मला अजिबात सहन होत नाही. छातीत धडधडतं, खिडक्यांची तावदानं थरथरतात, मी मागच्या खोलीत जाऊन बसतो. बायको म्हणते, ढोंगी आहेस. असेनही. पण डॉल्बी अख्ख्या पेठेला ऐकवायची असते. माझी गाणी कुणी कुणाला ऐकवत नाही. ती इयरफोनमध्ये, बसमध्ये, बँकेच्या रांगेत, दीड मिनिट वाजून गप्प होतात.

भिंतीपलीकडचा कारखाना आता बंद आहे. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये कुरिअरवाल्याचं गोदाम झालंय. अण्णा त्याच कारखान्यात जॉबर होते. बिघडलेला माग दुरुस्त करणारा, नवा माग लावून देणारा. बत्तीस वर्षं त्या आवाजात काढल्यावर कान राहतात कुठे? टीव्ही मोठ्याने लावतात आणि तरी माणसांच्या ओठांकडे बघतात. कारखान्यात सगळेच ओठ वाचून बोलायचे, ती सवय. पण माग बिघडलाय हे त्यांना कधी कानाने कळतच नव्हतं. ते मागाच्या लोखंडावर तळहात टेकवायचे, क्षणभर थांबायचे आणि नेमका कुठला भाग ढिला आहे ते सांगायचे.

परवा रविवारी टेबलावरच्या छोट्या स्पीकरवर मी डिस्चार्ज लावलं होतं. अण्णा पेपर घेऊन शेजारी बसले. त्यांना काय ऐकू येणार म्हणून मी आवाज कमी केला नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर पेपर मांडीवर आणि डावा तळहात टेबलावर, स्पीकरच्या अगदी लगत, पालथा. दोन गाणी झाली. तिसरं चालू झालं.

"चांगला लावलाय," ते म्हणाले.

"काय?"

"माग. ज्यानं लावलाय त्याला समजतंय." आणि हात तसाच ठेवून बसले.

मला चेव आला. मी 'स्कम' लावलं. पहिली काही गाणी त्यांनी कपाळाला आठ्या घालून हातातून ऐकली. बहुतेक वेग पसंत नव्हता. धोटा उडेल अशा वेगाला ते नेहमीच नावं ठेवायचे. मग 'यू सफर' आलं आणि गेलं. टेबल थरथरलं आणि थांबलं.

अण्णांनी झटकन मान वर केली. उजवा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला, जिथे धागा ओढायचा आकडा असायचा.

"तुटला काय रे?"