एमजीबी अपडेट: तीन महिने कार्ब्युरेटर खोलले, दोष निघाला दोन इंचाच्या वायरीत

मंडळी, पावसाळाभर काही लिहिलं नाही कारण सांगायला लाज वाटत होती. आता गाडी नीट चालतेय म्हणून सगळं ओकून टाकतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. १९६५ची एमजीबी, दोन सीटची, उघड्या टपाची. सांगलीकडच्या एका डॉक्टरांनी इंग्लंडहून परत येताना बोटीने आणलेली आणि नंतर कित्येक वर्षं गोठ्याशेजारच्या खोलीत कडब्याखाली पडून असलेली. मी २०१९ला घेतली. पुण्यात सहकारनगरमध्ये आमच्या जुन्या बंगल्याच्या पार्किंगमध्ये असते, एका बाजूला बाबांची चेतक, वरच्या फळीवर आईच्या लोणच्याच्या बरण्या. एमजी म्हटलं की गल्लीतला प्रत्येकजण "म्हणजे ती हेक्टरवालीच ना?" असं विचारतो, मी आता नुसतं हो म्हणतो. ही इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातली, १९६२ ते १९८० पर्यंत हे मॉडेल चाललं, पाच लाखांच्या वर निघाल्या, त्यामुळे दुर्मिळ वगैरे म्हणून कोणी भाव मारत असेल तर मारू देऊ नका. तिकडे अजून ब्रिटिश मोटर हेरिटेज जुन्याच डायवर पत्रे काढून विकतं. आपल्याकडे तोच पत्रा कस्टम भरून दारात येईपर्यंत सोन्याच्या भावात जातो एवढंच.

पत्र्याचं काम मागच्या वर्षी संपलं. ह्या गाडीला वेगळी चासी नाही, दाराखालच्या सिलवर सगळं वजन असतं, त्यामुळे सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करून घ्या, नाहीतर नवीन सिल बसेल पण दार परत कधीच लागणार नाही. मी पाइप लावला होता म्हणून वाचलो. असो.

तर जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, पहाटे साडेपाचला काढली. चांदणी चौक, बावधन, तिथून पिरंगुटच्या घाटाकडे. स्टार्टिंग मस्त, आयडलिंग घड्याळासारखं, आणि बावधनच्या पुढे सपाट रस्त्यावर, चौथ्या गिअरला, साठच्या आसपास हलका पाय ठेवला की मिसिंग. फट, फट, मग अर्धा सेकंद काहीच नाही, मग परत धक्का. बायको शेजारी होती, ती म्हणाली उंटावर बसल्यासारखं वाटतंय. गंमत म्हणजे घाटाच्या चढाला पाय पूर्ण दाबला तर गाडी एकदम साफ ओढायला लागली, एक चूक नाही. वर पोचलो, परत हलका पाय, परत उंट.

इथे मला कळायला हवं होतं. नाही कळलं. कारण डोक्यात आधीच ठरलं होतं की दोष पेट्रोलचा. सगळीकडे आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, आणि १९६५च्या इंजिनिअरच्या स्वप्नातही ते नव्हतं. आणि हे काही सगळं खोटं नाही बरं का. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो त्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं, म्हणजे जुन्या सेटिंगवर गाडी सात-आठ टक्के लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते. वर ते पाणी ओढतं, जुनं रबर खातं. माझ्या कार्ब्युरेटरच्या फ्लोट बोलखालचं (पेट्रोल साठतं त्या वाटीखालचं) रबरी ग्लँड फुगून च्युइंगगमसारखं झालं होतं, बोटाने दाबलं तर बोटाला काळं लागलं. तेव्हा पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि ग्लँड बदला, नीडल व्हॉल्व्हला व्हायटन रबराचं टोक असलेलं घ्या, ह्यात वाद नाही.

पण मी तिथेच थांबलो नाही ना. दोन एसयू कार्ब्युरेटर, एचएस४, दीड इंची. दिसायला इतके सुंदर की हात लावल्याशिवाय राहवत नाही, खरा प्रॉब्लेम हाच आहे. दोन्ही उतरवले, डायनिंग टेबलवर पेपर टाकून खोलले (आईने तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं), थ्रॉटलचा स्पिंडल हलत होता म्हणून भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून बुश मारून आणले. पिस्टनच्या डॅशपॉटमध्ये २० ग्रेडचं तेल. मग परत बसवून हवेचं बॅलन्सिंग, म्हणजे रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं आळीपाळीने एकेका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दोन्हीकडची सूं सूं सारखी येईपर्यंत स्क्रू फिरवत बसायचं. समोरच्या काकू गेटवरून बघत होत्या, त्यांनी आईला विचारलं की ह्याला कानाचा त्रास आहे का.

मग मिक्श्चर. जेटचा नट सहा बाजूंचा, एक बाजू म्हणजे एक फ्लॅट, खाली फिरवला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. प्लग काढले तर काळे. काळे म्हणजे रिच, म्हणून एक फ्लॅट लीन केलं. उंट आणखी वाढला. मग दोन फ्लॅट रिच. उंट थोडा कमी, प्लग आणखी काळे. आता प्लग म्हणतायत रिच आणि धक्के म्हणतायत लीन, दोन्ही एकदम कसं असेल हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण मी आपला जुलैभर पाऊस थोडा उघडला की गल्लीतून एक चक्कर, परत येऊन एक फ्लॅट इकडे, एक फ्लॅट तिकडे. गाडीतल्या पेट्रोल पंपाचे पॉइंट घासले. टाकीच्या झाकणाचं भोक तपासलं. ऑगस्टमध्ये मी चक्क बाहेरून नवीन नीडल मागवायला कार्ड काढून बसलो होतो.

बायको म्हणाली आधी एखाद्या माणसाला दाखव.

नाना पेठेत एक मिस्त्री आहेत, सत्तरी ओलांडलेले, सगळे चाचा म्हणतात. आयुष्य अँबेसेडरवर गेलं. गाडी तिथे न्यायची हिंमत नव्हती म्हणून रविवारी त्यांनाच घेऊन आलो. बॉनेट उघडलं, दोन मिनिटं नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, ही तर आपली अँबेसेडरच की हो."

आणि खरंच आहे ते. बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी सिरीज इंजिन, अँबेसेडरला १४८९ सीसीचं होतं, ह्या गाडीत तेच वाढवून १७९८ केलंय आणि वर जोडीने कार्ब्युरेटर दिलेत. सायलेन्सर आणि कार्ब्युरेटर एका बाजूला, प्लग आणि डेल्को (प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) दुसऱ्या बाजूला, टॅपेटचं कव्हर, पुशरॉड, सगळी तीच घराण्याची ठेवण. ज्या इंजिनाचे पार्ट मी रात्री जागून इंग्लंडच्या साइटवर शोधत होतो त्याचा सख्खा भाऊ कित्येक वर्षं उत्तरपाड्याला अँबेसेडरच्या कारखान्यात बनत होता आणि त्याला हात लावणारी माणसं माझ्या घरापासून पाच किलोमीटरवर बसलेली. चाचांच्या पेटीत एएफचे (इंची मापाचे) पाने सुद्धा होते, मी ते सेट बाहेरून मागवले होते.

त्यांनी कार्ब्युरेटरकडे बघितलंही नाही. इंजिन चालू करायला सांगितलं. मग डेल्कोवरून कार्ब्युरेटरकडे जाणारी बारीक व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरच्या बाजूने काढली, शर्टाला पुसली, तोंडात धरली आणि जोरात ओढली.

इंजिन फट्‌कन बंद.

सोडली, मला परत सेल्फ मारायला लावला, चालू. परत ओढली, परत बंद. वास्तविक ती नळी ओढली की ठिणगीचं टायमिंग पुढे जाऊन इंजिनची रेस वाढायला हवी. चाचांनी नळी थुंकल्यासारखी बाजूला टाकली आणि म्हणाले, "कार्बोरेटर कशाला खोलला?"

डेल्कोचं झाकण काढलं. लुकासचा २५डी४. आत पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे) ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट व्हॅक्यूमने थोडी फिरते, आणि बाहेरच्या टर्मिनलवरून पॉइंटकडे जाणारी दोन इंचाची वायर तिच्याबरोबर हलते. कापडी आवरणाची वायर, वरून एकदम चांगली. चाचांनी ती दोन बोटांत धरून वाकवली तर मधेच लुळी पडली, आतल्या तारा तुटलेल्या, फक्त कापडाने धरून ठेवलेल्या. मी मल्टिमीटर लावला. प्लेट जागेवर असताना शून्य ओहम. प्लेट अंगठ्याने जरा सरकवली की आकडा गायब. सोडली की परत शून्य. साठ वर्षं ती वायर प्रत्येक वेळी पाय हलका केला की एक-दोन मिलिमीटर वाकत होती, शेवटी तुटली.

आता सगळं लावून बघा. आयडलिंगला व्हॅक्यूमची नळी बटरफ्लायच्या (कार्ब्युरेटरमधल्या हवेच्या झडपेच्या) पलीकडे असते, ओढ नाही, प्लेट जागेवर, तारा टेकलेल्या, म्हणून आयडलिंग घड्याळासारखं. पाय पूर्ण दाबला की व्हॅक्यूम संपतो, प्लेट परत जागेवर, म्हणून घाटात साफ. फक्त हलक्या पायावर व्हॅक्यूम जोरात, प्लेट फिरली, वायर ताणली, करंट गेला. आणि प्लग काळे का? मी विचारलं तर म्हणाले, करंटच नाही तर पेट्रोल जळणार कसं, काळंच राहणार. म्हणजे जुलैभर मी न जळलेल्या पेट्रोलची काजळी बघून जेट फिरवत होतो.

वायर कुठली टाकायची ह्यात मात्र थोडं डोकं लावावं लागलं. साधी पीव्हीसी वायर टाकली तर ती कडक असते, प्लेटला नीट फिरू देत नाही आणि वाकून वाकून महिन्याभरात तीही तुटेल. केसासारख्या बारीक तारांची, सिलिकॉनच्या आवरणाची हवी. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून मल्टिमीटरचे सुटे प्रोब १२० रुपयांना आणले आणि त्याचीच वायर कापली. बेतापुरता लूप ठेवून, झाकणाला किंवा रोटरला घासणार नाही असं बघून सोल्डर केलं. पॉइंटचा गॅप १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), कंडेन्सर तपासून तोच ठेवला, टायमिंग स्टॅटिकला, म्हणजे इंजिन बंद असताना, १० डिग्री. मग जेट मूळ जागेपासून एक फ्लॅट रिच, तेवढं ह्या पेट्रोलला लागतंच.

आता काहीजण म्हणतील पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाक. टाका, पण माझी गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला (१९६७ पर्यंतच्या सगळ्या तशाच), मॉड्यूल त्यासाठीचं नसेल तर पहिल्याच सेल्फला जळेल. शिवाय पॉइंट बिघडले तर कुठल्याही गावात चाचांच्या वयाचा कोणीतरी ते दुरुस्त करेल. पॉझिटिव्ह अर्थवरून आठवलं, शेजारच्या पोराने एकदा प्रेमाने जंपर केबल लावून द्यायला घेतली होती, लाल प्लसला आणि काळी बॉडीला. मी ओरडलो म्हणून हात थांबला, इथे बॉडीच प्लस आहे बाबा.

चाचा होते म्हणून टॅपेटही (व्हॉल्व्हचा गॅप) करून घेतले, १५ थाऊ, थंड इंजिनवर. त्यांचा नऊचा हिशोब मला फार आवडला. आठ व्हॉल्व्ह, जो पूर्ण दाबलेला असेल त्याचा नंबर नऊमधून वजा करायचा, जो येईल तो सेट करायचा. पहिला दाबलेला असेल तर आठवा, तिसरा असेल तर सहावा. इंजिन हाताने फिरवायचं, वही लागत नाही. पैसे घेतले नाहीत, आईच्या लोणच्याची एक बरणी नेली. फळीवरची सगळ्यात मोठी.

बाकी छोट्या गोष्टी. तारांच्या चाकांचे कान असलेले मधले नट लोखंडी हातोडीने ठोकू नका, क्रोम उडतं. कसबा पेठेत तांबट आळीत जाऊन एका कारागिराकडून दोन किलोची तांब्याची हातोडी करून घेतली, ते म्हणाले आयुष्यभर हातोडीने तांबं ठोकलं, तांब्याचीच हातोडी पहिल्यांदा करतोय. डोक्यावर हौसेने माठारकाम पण करून दिलंय, ते पहिल्या चार ठोक्यांत जाणार हे त्यांना सांगवलं नाही. नट सैल करायचा तर चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरतं त्या दिशेला. डावे-उजवे हब अदलाबदल झाले असतील तर नट चालता चालता सुटतो, जुनी गाडी घेतली असेल तर आज जाऊन बघा. आणि स्प्लाइनला (हबवरच्या खाचांना) ग्रीस.

नंबर प्लेटबद्दल दोघातिघांनी विचारलं होतं. २०२१च्या नियमानुसार ५० वर्षांपुढची गाडी विंटेजमध्ये नोंदवता येते, नवीन नोंदणीला व्हीए सिरीजचा नंबर मिळतो आणि २० हजार लागतात, दहा वर्षं चालते, नंतर पुन्हा नोंदणीला ५ हजार. पण मग रोजच्या वापराला काढता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असंच. माझे जुने पेपर चालू आहेत, मी सध्या त्या वाटेला गेलेलो नाही.

खंडेनवमीला पाने, फीलर गेज, टायमिंग लाइट आणि ती तांब्याची हातोडी मांडून पूजा केली. आईने कार्ब्युरेटरला पण हळदकुंकू लावलं, म्हणाली तीन महिने बिचाऱ्याला उगाच छळलंस. दसऱ्याला पहाटे परत बावधन, पिरंगुट, पौड, पुढे मुळशीपर्यंत. साठला हलका पाय, सत्तरला हलका पाय, एक धक्का नाही. बायको मुळशीच्या अलीकडेच झोपली.

परत येऊन खाली वाकलो तर पुढच्या उजव्या लिव्हर आर्म डँपरमधून (धक्के झेलणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) तेल गळतंय. पुढच्या रविवारी तो उतरवतो. त्याआधी ह्या वेळी चाचांना फोन करणारे.