भिंतीतली ओल आणि नेमका सांधा शोधणारा प्लंबर: माझा अनुभव

आमचं घर सांगलीत, विश्रामबागेत. सासऱ्यांनी नव्वदच्या दशकात बांधलेलं. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पाण्याची सगळी लाईन जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाईपची आणि भिंतीत गाडलेली. यंदा उन्हाळ्यात बाथरूमला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीला ओल आली. आधी रंगाला फुगे, मग पोपडे, मग गुडघ्याच्या उंचीपर्यंत पांढरा खार. इथे भिंतीची ओल म्हटली की कुणीही पहिल्यांदा 2019 च्या महापुराचं नाव घेतं. पण तेव्हा आमच्या घरात पाणी शिरलं नव्हतं, आणि ही ओल वाढत होती भर मे महिन्यात. म्हणजे पाणी घरातूनच मुरत होतं.

पहिल्या प्लंबरने भिंतीवरून हात फिरवला आणि सगळी फरशी उखडून वॉटरप्रूफिंग नव्याने करा म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, फरशीच्या सांध्यांत केमिकल भरून देतो. दोघांनी एकही नळ उघडून पाहिला नाही. मला ते पटेना. पाणी टाकीतून नळाकडे येणाऱ्या लाईनमधून गळत असेल, नहाणी ट्रॅपपासून (बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यापासून) बाहेरच्या चेंबरकडे जाणाऱ्या सांडपाण्याच्या लाईनमधून गळत असेल, किंवा फरशीच्या सांध्यांतून खाली उतरत असेल. तिन्हींचा उपाय वेगळा आणि खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. गळतं कुठं ते कळण्याआधी भिंतीला छिन्नी लावू द्यायची नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

मग गणपती पेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेले. तिथे ‘चांगला प्लंबर सांगा’ असं मोघम न विचारता ‘जुन्या घराची गळती कोण काढतं’ असं विचारलं. हा फरक महत्त्वाचा आहे. नव्या बांधकामावर पॉइंटच्या हिशेबाने काम करणारे पुष्कळ मिळतात. जुनी भिंत उघडून नेमका सांधा गाठणारा माणूस निराळा. दुकानदाराने दिलेल्या नंबरवर फोन केला, तर त्या मिस्त्रींनी आधी पत्ताही विचारला नाही.

“वहिनी, रात्री सगळे नळ बंद करून झोपल्यावर टाकी उतरती का?”

“बघितलं नाही, दादा.”

“मग आज बघा. येणारं पाणी बंद ठेवा, बोअर लावू नका, फ्लशचा कॉकपण बंद करा. टाकीत काठी सोडून पाण्याची खूण करा. मी येईस्तोवर काय फोडू नका.”

मला ते तेव्हाच पटले. चाचणी साधी आहे आणि कुणालाही जमेल. नळ बंद असताना टाकीची पातळी खाली गेली, तर दाबाखालची लाईन गळते आहे. पातळी जागच्या जागी राहिली आणि ओल मात्र वाढते आहे, तर संशय सांडपाण्यावर किंवा फरशीवर. पाण्याच्या मीटरवरून हे कळत नाही, कारण मीटर टाकीच्या आधी असतो. टाकीच्या पुढची गळती त्यावर तेव्हाच दिसते जेव्हा बॉल कॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता नळ) उघडून टाकी पुन्हा भरायला लागते. फ्लशचा कॉक बंद करायला सांगितलं, कारण फ्लशच्या टाकीतला वॉशर खराब असेल तर पाणी आवाज न करता कमोडमध्ये जात राहतं आणि खूण चुकते. ते वेगळं तपासायचं असेल तर फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकावा आणि फ्लश न ओढता थोड्या वेळाने कमोडमध्ये पाहावं.

आमची टाकी उतरली. दुसऱ्या रात्री मिस्त्रींच्या सांगण्यावरून पाणी तापवणाऱ्या सोलरकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवून तेच केलं, तर पातळी जराही हलली नाही. गळती गरम पाण्याच्या लाईनमध्ये होती. फरशीचा त्यात काही संबंधच नव्हता.

मिस्त्री आले, त्यांनी ओल कुठे सगळ्यात जास्त आहे ते पाहिलं आणि शॉवरच्या मिक्सरखालच्या दोनच टाईल्स कटरने कापल्या. आत एल्बो, म्हणजे वळणावरचा सांधा होता, आणि त्याला लागलेल्या पाईपचे आटे गंजून गेलेले. सासूबाई जवळच उभ्या होत्या. “एवढा जाड पाईप असून कसा काय गेला?” त्यांनी विचारलं. मिस्त्रींनी तुकडा कापून त्यांच्या हातात दिला. “आजी, आटे पाडले की तिथं पाईप पातळ होतो, जस्ताचा थरपण जातो. गंज तिथनंच धरतो.” तुकड्याच्या आतला थर पाहून मी चक्रावले. अर्ध्या इंची पाईपमध्ये शिसपेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी पडलं की आम्ही बोअरचं टाकीत चढवतो आणि ते जड आहे. जड पाणी तापलं की त्यातला चुना सुटून पाईपला आतून बसत जातो, म्हणून गरम पाण्याची लाईन थंडच्या आधी भरते. शॉवरचं गरम पाणी वर्षानुवर्षं बारीक येत होतं ते याचमुळे.

तो एकच एल्बो बदलून भागलं असतं, पण बाकीचे सांधेही त्याच वयाचे. गरम पाण्याची लाईन पूर्ण बदलायची ठरली. इथे पैशांचं बोलणं नीट होणं गरजेचं आहे. मिस्त्रींनी रोजाने की उक्तं, असं विचारलं. जुन्या घरात रोजाने काम लांबत जाण्याची भीती असते, तर उक्त्यात घाई होण्याची. आम्ही लाईनचं काम उक्तं दिलं आणि त्यात चर मारणं, जुन्या तोंडांना प्लग लावणं, राडारोडा खाली नेणं आणि लाईन दाबाखाली तपासून दाखवणं हे सगळं कागदावर लिहून घेतलं. टाईल्स बसवणं प्लंबरचं काम नाही, त्याला गवंडी वेगळा. चर कुणी भरायची यावरून सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून तेही आधीच ठरवलं. सामान मी स्वतः बिलावर आणलं. न लागलेली फिटिंग दुकानदार परत घेईल हे आधी विचारून ठेवलं.

सामान घेताना एक गोष्ट नीट पाहावी. पांढरा यूपीव्हीसी हा प्लास्टिकचा पाईप स्वस्त पडतो, पण तो थंड पाण्यासाठी आहे. आपल्याकडच्या उन्हात सोलरचं पाणी चांगलंच कढत येतं, त्याला गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसीच हवा. पाईपवर आयएस 15778 हा क्रमांक छापलेला असतो, तो वाचून घ्यावा. सांधे चिकटवायचं सोल्युशनसुद्धा सीपीव्हीसीचं वेगळं मिळतं.

मिस्त्रींचं काम पाहण्यासारखं होतं. कापलेल्या पाईपची कड घासून, आतबाहेर पुसून, सोल्युशन लावल्यावर थोडा पीळ देऊन सांधा हातात धरून ठेवायचा, लगेच सोडायचा नाही. त्या दिवशी पाणी सोडायचं नाही म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या तोंडांना प्लग लावून हातपंपाने 10 किलोपर्यंत (दर चौरस सेंटीमीटरला) दाब दिला आणि काटा तासभर हलत नाही हे आम्हाला दाखवलं. ही चाचणी चर भरण्याआधीच व्हायला हवी. टाईल्स बसल्यानंतर ती करून उपयोग काय? भिंत उघडी असतानाच मी मोजपट्टी धरून प्रत्येक वळणाचे फोटो काढून ठेवले. पुढे कुणी खिळा ठोकायला किंवा ड्रिल मारायला आलं, तर पाईप कुठे आहे ते पाहता येईल.

त्याच फेरीत बेसिनखालचे जाम झालेले अँगल कॉक बदलून घेतले आणि फ्लशचा वॉशरही. स्वयंपाकघरातलं सिंक तुंबायचं, ते बॉटल ट्रॅप खोलून साफ झालं. त्यात ॲसिड ओतायला मिस्त्रींनी सासूबाईंना सक्त मनाई केली. ॲसिडने जीआय पाईप आणि फरशीचे सांधे दोन्ही खराब होतात.

जुन्या टाईल्स बाजारात मिळेनात, तेव्हा वेगळ्या रंगाचा एक उभा पट्टा करून घेतला. खोलीच्या भिंतीला अजून रंग दिलेला नाही. खार आलेला गिलावा खरवडून ठेवलाय. भिंत आतून सुकायला काही महिने जातील, घाईने पुट्टी मारली तर पुन्हा पोपडे धरतील. थंड पाण्याची लाईन जुनीच आहे. ती दिवाळीनंतर बदलायची, पण भिंत न फोडता मागच्या बाजूने उघडी घ्यायची, प्रत्येक बाथरूमला वेगळा व्हॉल्व्ह ठेवून, असं मिस्त्रींशी बोलून ठरवलं आहे.