जुनी काडी की नवी फूट?

इंग्लंडात रेल्वेने जाताना रुळांच्या कडेला, बंद गोदामांच्या भिंतींतून, कधी तर थेट धुराड्यातून जांभळे तुरे बाहेर आलेले दिसतात. तेच झुडूप रेडिंगमधल्या आमच्या घरामागे आधीच्या मालकांनी लावलेलं आहे. इथे सगळे त्याला ‘बडलिया’ म्हणतात आणि विषय संपतो. दिंडोरीच्या आमच्या मामांचा मात्र तिथून सुरू झाला.

मामा द्राक्षवाले. मी फोनवर या झुडपावर येणाऱ्या फुलपाखरांचं कौतुक सांगत होते, तर ते म्हणाले, “अगं, ते राहू दे. फूल जुन्या काडीवर येतं का नव्या फुटीवर?”

नाशिककरांना या प्रश्नाचं वजन समजावायला नको. एप्रिलची खरड छाटणी कशासाठी, ऑक्टोबरची कशासाठी, हे ज्याला कळत नाही त्याने कात्रीला हात लावू नये, असं मामांचं मत. बडलियावरही कात्री कधी चालवायची हे फूल कुठल्या काडीवर येतं त्यावर, म्हणजे त्याच्या जातीवर ठरतं, आणि मोबाइलमधलं अ‍ॅप फोटो पाहून नुसतं ‘बडलिया’ म्हणून गप्प बसलं होतं.

मग मामांनी फोटो मागवायला सुरुवात केली. फुलाचे नकोत, पानाच्या पाठीचे. पाठीवर पांढरट लव होती. पानं समोरासमोर, लांबट, कडा बारीक दातेरी. कोवळी फांदी बोटांत फिरवली तर जवळजवळ चौकोनी लागते. फूल चार पाकळ्यांचं, मधोमध केशरी डोळा, वास मधाचा. तुरा फांदीच्या टोकाला, आणि ती फांदी त्याच वर्षी फुटलेली. म्हणजे हे बडलिया डेव्हिडी. मार्चमध्ये त्याची गुडघ्यापर्यंत छाटणी केली तरी उन्हाळ्यात नव्या फुटीवर भरभरून येतं. मामांच्या भाषेत, “हाण खुशाल!”

शेजारच्या काकूंकडे मात्र बडलिया ग्लोबोसा आहे, मूळ चिली-अर्जेंटिनाकडचं. त्याला केशरी फुलांचे गोल गोंडे येतात, तेही गेल्या वर्षीच्या काडीवर. तिसरं अल्टर्निफोलिया. त्याची पानं एकाआड एक, फांद्या खाली झुकलेल्या, आणि फूल पुन्हा जुन्या काडीवरच. या दोघांना मार्चमध्ये कापलं की त्या वर्षीची फुलं गेली. त्यांची छाटणी फुलोरा संपल्यावर. डेव्हिडी आणि ग्लोबोसाचा संकरही इथे मिळतो, पिवळट-जांभळट गोंड्यांचा. माझ्या मते तो दिसायला जरा गोंधळलेलाच आहे.

डेव्हिडी मूळ चीनचं. आर्माँ डेव्हिड या फ्रेंच मिशनऱ्याचं नाव त्याला मिळालं, आणि १९व्या शतकाच्या अखेरीस ते इंग्लंडच्या बागांत आलं. बी इतकं हलकं की वाऱ्याबरोबर कुठेही जातं आणि चुन्याच्या सांध्यातही रुजतं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने पडलेल्या लंडनच्या ढिगाऱ्यांवर ते असंच माजलं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने तर त्याला उपद्रवी तणांच्या यादीत टाकलंय. मी तुरे सुकले की लगेच कापते, बी धरू देत नाही.

म्हणूनच, “येताना बी घेऊन ये” म्हणणाऱ्या नाशिकच्या सगळ्या मावश्या-काकूंना माझं उत्तर नाही असं आहे. परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बी आणता येत नाही हे एक. दुसरं म्हणजे घाणेरी. तीही शोभेची म्हणूनच भारतात आणली होती. आता माळरानांवर आणि जंगलांत तिने काय केलंय ते बघा. फुलपाखरं तिच्यावरही भरपूर येतात, पण तेवढ्यावरून झाडाला चांगलं म्हणायचं का? आणि बडलियाच हवं असेल तर एशियाटिका ही पांढऱ्या, सुवासिक तुऱ्यांची जात मुळात आपल्या हिमालयातली आहे.

शिवाय बडलिया फुलपाखरांना मध पाजतं, पण इथल्या पीकॉक किंवा रेड अ‍ॅडमिरलच्या अळ्या त्यावर वाढत नाहीत. त्यांना नेटल नावाचं हाताला चटके देणारं तण लागतं. मी कुंपणाशी थोडं राखलंय, नवरा कुरकुरतो.

नाशिकमध्ये अळ्या पोसायचं हे काम कढीपत्ता, लिंबू आणि रुई करतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलेलं ब्लू मॉर्मनसुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. तेव्हा मामी, कढीपत्त्यावरच्या त्या हिरव्या अळ्या झाडून टाकू नका, आणि मामांना तिथे द्राक्षांचा फवारा मारू देऊ नका. फोडणीला चार दिवस शेजारून पानं आणा.